जोडी लावणे

बारशाच्या दिवशी बाळ माझ्या मांडीवर दिलं तेव्हा ते झोपलेलं होतं. बायका पाळण्याला फुलं बांधत होत्या, सोप्यात घुगऱ्यांची परात फिरत होती, आणि हौसाआत्या उंबऱ्याशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "पोरगं लई शांत. रडत म्हणून न्हाई." मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. माघाचा महिना, अंगणात चांगला गारठा होता, आणि त्याचं कपाळ घामानं चिंब होतं.

"उठव त्याला, पाजते," म्हणत आक्का आली. माझी थोरली बहीण; रत्नमाला तिचं नाव, पण घरात सगळ्यांची ती आक्काच. तिनं पदराआड घेतलं. बाळ चार घोट प्यालं, तोंड सोडलं आणि धापा टाकायला लागलं. थोडं थांबून पुन्हा दोन घोट, पुन्हा धाप. मग तसंच झोपून गेलं.

"दमतो बिचारा," आक्का म्हणाली. "पहिलीपण अशीच दमायची."

मी त्याच्या बरगड्यांकडे बघत राहिले. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. तो मी रोज बघत होते, पण माणसाच्या पोरात नव्हे.

मी तेव्हा पुण्यात एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते आणि माझं काम उंदरांवर होतं. उंदरांवर म्हणण्यापेक्षा त्यांच्यातल्या एका जीनवर. त्याला नाव असं नव्हतं; दोन-चार अक्षरं आणि पुढं आकडा. आम्ही आपसात त्याला 'राखण्या' म्हणायचो, कारण तो राखणच करायचा. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. बारीक बारीक चुलीच म्हणा. अंगातली सगळी ताकद तिथं शिजते. या चुलींना काय करायचं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे त्यांचा आरएनए. या चिठ्ठ्या फार नाजूक. वाचून होण्याआधीच त्या कुजून जाऊ नयेत म्हणून राखण्या त्यांना धरून ठेवतो. तो मोडला की चिठ्ठ्या कुजतात, चुली विझत जातात. आणि सगळ्यात आधी थकतं ते काळीज, कारण त्यालाच विसावा नसतो.

आमच्या पिंजऱ्यांत अशी पिल्लं जन्मायची. सुरुवातीला भावंडांसारखीच गुलाबी, वळवळणारी. मग एखादं दूध पिता पिता थांबायचं, बाजूला पडायचं, कुशी भात्यासारखी हलायला लागायची. ते दिसलं की मी पिंजऱ्यावर खूण करायची. पुढं काय होणार ते ठरलेलं असायचं.

"उर्मे, अशी काय बघतीस त्याच्याकडं?" आक्कानं विचारलं.

काही नाही म्हणाले. त्याच संध्याकाळी वडिलांना, म्हणजे आबांना, बाजूला घेऊन सांगितलं की बाळाला पुण्याला न्यायचं, उद्याच. आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांची पोल्ट्री होती; कोंबडीच्या पिल्लातलं मरतुकडं त्यांना लांबून ओळखू यायचं. ते सरळ गाडी सांगायला गेले.

पुण्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि काळजाला सूज आहे म्हणाले. रक्त घेतलं. जालूदादा मदुरैहून निघून येईपर्यंत बाळ काचेच्या पेटीत होतं. तो आल्यावर एक रात्र काढली बाळानं, मग गेलं.

जालिंदर म्हणजे आक्काचा नवरा आणि हौसाआत्याचा थोरला. म्हणजे आमचा सख्खा आतेभाऊ. लहानपणी मी त्याला जालूदादा म्हणायची, लग्नानंतर दाजी म्हणायला शिकले, तरी मनात जालूदादाच राहिला. हे लग्न आत्यानंच ठरवलं होतं. आक्का शाळेत होती तेव्हापासून दिवाळीला आली की आत्या तिचा हात धरून म्हणायची, "दादा, ही माझी." आणि आबा हसून म्हणायचे, "तुझीच." आमच्या भागात भावाची पोरगी बहिणीच्या घरी जाते त्यात कुणाला नवल वाटत नाही, नात्यात दिली की पोरगी सुखात राहते असंच सगळे धरून चालतात. तशी आक्का सुखातही होती. विट्याकडची पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचा धंदा, आणि त्यापायी आमची माणसं देशभर पांगलेली आहेत. जालूदादाचं दुकान मदुरैला. तिथं त्या दोघांनी दोन खोल्यांत संसार मांडला. पहिली मुलगी तिथंच झाली आणि तिथंच गेली. तमिळमध्ये डॉक्टर काय म्हणाले ते आक्काला पुरतं कळलंही नव्हतं.

बाळ गेलं त्या दिवशी जालूदादा हॉस्पिटलच्या जिन्यात बसला होता. मी त्याच्याजवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्यामुळंच झालं हे. आमच्या दुकानात दिवसभर तेजाबाचा धूर. तो अंगात भिनतो म्हणत्यात. बाकीचे गलाईवालेपण म्हणत्यात. माझ्या बी-बियाण्यातच इख गेलंय."

मी म्हणाले, तसं नसावं. पण नेमकं काय ते मला अजून माहीत नव्हतं.

दिवस-कार्य झाल्यावर आत्यानं आक्काला आमच्याकडे पाठवून दिलं. थोडे दिवस आईजवळ राहू दे, म्हणाली. ते थोडे दिवस कसले ते सगळ्यांना कळत होतं. आत्या तोंडानं गोड, पण पाठीमागे तिनं सांगायला सुरुवात केली होती: पोरीची कूसच नासकी, दोन दोन सोन्यासारखी लेकरं गिळली. आमच्या घराण्यात असलं कधी झालं नाही, असंही म्हणायची. 'आमचं घराणं' म्हणताना ती तिच्या सासरचं म्हणायची, आणि कूस मात्र आमच्या घरची.

जालूदादानं मात्र आईला स्पष्ट सांगितलं होतं की मी दुसरं लग्न करणार नाही. हे आक्कानं मला आपणहून सांगितलं. विहिरीवर धुणं धूत होतो आम्ही. "मी असं काय पुण्य केलंय कुणास ठाऊक," ती म्हणाली. "आत्या रोज कानाला लागते, पण ते हलत न्हाईत. तुला सोडणार न्हाई म्हणत्यात." सांगताना हातातला पिळा तिनं तसाच धरून ठेवला होता, पाणी गळत होतं.

पुण्यात परतले तेव्हा माझ्या सांगण्यावरून बाळाचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत आलं होतं. माझ्या मार्गदर्शक हर्डीकर मॅडम यांनी सुरुवातीला मला झिडकारलं होतं. प्रत्येक दुबळ्या काळजाचं पोर म्हणजे तुझा उंदीर नव्हे, असं म्हणाल्या होत्या. पण बाळात तोच जीन मोडलेला निघाला. आईकडून आलेलाही, बापाकडून आलेलाही. मॅडमनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. माणसात असं पहिल्यांदाच दिसतंय म्हणाल्या, आवाजात आनंद होता, आणि माझा चेहरा बघून त्यांनी तो आवरला. आईबापांचं रक्त लागेल म्हणाल्या. आणि मग, "उर्मिला, याला औषध नाही हे तुला माहीत आहे. माणसं खऱ्याचं काय करतील याचा विचार करून जा."

मला तो विचार करण्यासारखा वाटला नाही. बहिणीच्या कपाळी लावलेला डाग पुसायचं साधन माझ्या हातात आलं होतं.

जालूदादा मदुरैला परत जाताना पुण्यात उतरला आणि मुकाट्यानं रक्त देऊन गेला. आक्काला आबा घेऊन आले. रक्त काढून झाल्यावर दंडावर कापूस दाबत ती म्हणाली, "तुझे उंदीर बघू दे की."

परवानगी काढली. तिला निळा डगला, टोपी, पायात पिशव्या चढवल्या. आबा बाहेर बाकावर बसले. आत गेल्यावर ती पहिल्यांदा नाकाला पदर लावायला गेली, पदर डगल्याखाली होता. मग मांडण्यांवरचे पिंजरे बघत बघत चालली, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी.

मी तिला आजारी पिल्लांचा पिंजरा दाखवला नाही. धडधाकट जोडीचा दाखवला. नर चाकोरीनं फिरत होता, मादी कागदाच्या कपट्यांचं घरटं सारखं करत होती.

"आजारी पिल्लं कुठनं आणता तुम्ही?" आक्कानं विचारलं.

"आणत नाही. इथंच होतात. प्रत्येकात हा जीन दोनदा असतो, एक आईचा, एक बापाचा. एक मोडका असला तरी दुसरा निभावून नेतो, काही होत नाही. पण असा एक मोडका असलेला नर आणि तशीच मादी एकत्र ठेवली, की पिल्लांतल्या काहींच्या वाट्याला दोन्ही मोडके येतात. तीच आजारी पडतात."

"म्हंजे तुम्ही मुद्दाम लावता जोडी."

"हो. त्याशिवाय अभ्यास कसा करणार?"

"आमची पण मुद्दामच लावली होती," आक्का म्हणाली. रागानं नव्हे. असंही असतं होय, अशा सुरात.

मी मांडणीवरचा पिंजरा सरळ केला. तिनंच विचारलं, "या नराला दुसऱ्या घरातली मादी दिली तर? नीट असलेली?"

"मग एकही पिल्लू आजारी पडत नाही."

"आणि हिला दुसरा नर दिला तर?"

"तरी तेच. हिचीही सगळी जगतात."

"असं होय," ती म्हणाली, आणि काचेला बोट लावून त्या मादीकडे खूप वेळ बघत राहिली. बाहेर येताना तिनं विचारलं की काम झालं की या जोडीचं काय करता. मी म्हणाले, "चल, आबा ताटकळले असतील."

दोघांच्या रक्तातून अपेक्षित होतं तेच निघालं. दोघांतही एकेक राखण्या मोडका, अगदी एकाच जागी. ते मोडकेपण आमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून आबांकडे आणि आत्याकडे आलं होतं. आबांकडून आक्काला, आत्याकडून जालूदादाला. मी आक्काला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू ये. आत्याकडं बैठक बसणार हाय, माझं काय करायचं त्याची. तिथं समद्यांसमोर सांग. त्या उंदरांचं मला सांगितलंस तसं सगळं सांग. मधलं काही गाळू नकोस."

"गाळायचं कशाला?" मी म्हणाले.

आत्याचं विट्यातलं घर नवीन होतं, मदुरैच्या कमाईतून बांधलेलं. जिन्याला पितळी कठडा, जमिनीला संगमरवर. सोफ्यावर आबा, शेजारी भावकीतले ज्ञानूअण्णा, जे सगळ्या बैठकांत असायचे, समोर जालूदादा पांढऱ्या सदऱ्यात. आत्या खाली सतरंजीवर बसली होती, मानानं नव्हे तर दुःखानं खाली बसले असं दाखवत. आक्का स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही.

मी एसटीत बसून बोलायचं घोकत आले होते. शेताचा दाखला घेतला. म्हणाले, समजा प्रत्येक शेताला दोन राखणदार आहेत, एक आईनं दिलेला, एक बापानं. एक झोपला तरी दुसरा जागा असतो, पीक राहतं. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक राखणदार झोपलेला आहे. कुणाला कळलं नाही, कारण दुसरा जागा होता. पण आक्काचा झोपलेला आणि जालूदादाचा झोपलेला असे दोन एकाच शेतात आले, आणि लेकरं गेली.

"आपल्या घरात म्हंजे कुणाच्या?" आत्यानं विचारलं.

"आपल्याच, आत्या. आबांच्या आणि तुझ्या. तुझ्यातून तो जालूदादात आला."

"माझ्यात? माझी चार पोरं ठणठणीत हायत."

"कारण तुझे यजमान, आमचे मामा, बाहेरच्या घरातले होते."

ज्ञानूअण्णांनी मांडी बदलली. सावकाश, एकेक शब्द तोलत ते म्हणाले, "म्हणजे पोरीचा एकटीचा दोष न्हाई."

"दोष कुणाचाच नाही, अण्णा. दोघं एकत्र आले म्हणून झालं."

अण्णांच्या त्या एका वाक्यासाठीच मी आले होते. ते भावकीतल्या माणसाच्या तोंडून, आत्याच्या बैठकीत निघालं होतं. मी चौकटीकडे बघितलं. मला वाटलं होतं आक्का रडत असेल, किंवा हसत. ती जालूदादाकडे बघत होती.

मी पुढचंही सांगितलं. दर चार मुलांत साधारण तीन चांगली निघतात. गेली ती दोन्ही वाईट निघाली हे नशीब. यापुढं दिवस राहिले की सुरुवातीलाच तपासणी करता येते, मॅडमनी व्यवस्था करायचं कबूल केलं आहे, आक्काला धडधाकट मूल होऊ शकतं. आबा मान हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता.

जालूदादा इतका वेळ खाली बघून बसला होता. त्यानं मान वर केली.

"उर्मिला, एक विचारू?"

"विचारा की दाजी."

"त्या तेजाबाचा काही संबंध न्हाई? धुराचा?"

"अजिबात नाही."

"म्हंजे मी असा नीट हाय. माझ्या अंगात काही बिघाड न्हाई."

"नाही. तुम्ही धडधाकट आहात."

त्यानं मोठा श्वास सोडला. जिन्यात बसलेला माणूस मला आठवला, आणि मला त्याच्यासाठी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मग त्यानं विचारलं, "समजा, माझं नात्याबाहेर झालं असतं, तर पोरं जगली असती?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर मला पाठ होतं. उंदरांचं ते उत्तर मी शेकडो पिल्लांवरून काढलेलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"नक्की?"

"जवळजवळ नक्कीच."

ज्ञानूअण्णा मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "झालं असतं कशाला म्हणतोस, जालिंदर? अजून तुझं वय काय झालंय?"

मला क्षणभर कळलंच नाही ते काय म्हणाले. आत्याला लगेच कळलं. तिनं पदरानं डोळे पुसले, हात जोडून वर बघितलं आणि म्हणाली, "देवानंच ही पोरगी शिकवली म्हणायची. आता कुणाचा कुणावर राग न्हाई. पोरीत काही न्हाई, पोरात काही न्हाई. जोडीच चुकली आमची. मग चुकलेलं दुरुस्त करायला कशाला भ्यायचं?"

मी तपासणीचं पुन्हा सांगायला लागले. आत्यानं मला प्रेमानं थांबवलं. "कशाला गं बाई पोटातलं तपासत बसायचं? नको ते निघालं तर पाडायचं, पुन्हा राहायचं, पुन्हा तपासायचं. तिच्या तरी जिवाचे हाल कशाला?"

"मग आक्काचंही तसंच आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "दाजींना नात्याबाहेरची बायको केली तर पोरं जगतील, तसंच आक्कालाही नात्याबाहेरचा नवरा केला तर तिचीही जगतील. हेही शास्त्रच आहे. दाजींचं दुसरं लग्न करायचं तर आक्काचंही करा."

ज्ञानूअण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. आत्यानं पदर डोक्यावर ओढला, जणू मी काही ओंगळ बोलले. आणि मग आबा, माझे आबा, ज्यांनी सगळ्या भावकीचा विरोध पत्करून मला शिकायला पुण्यात ठेवलं, ते म्हणाले, "उर्मे, तोंड आवर."

मी आक्काकडे बघितलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती अजून जालूदादाकडे बघत होती. तो पायाच्या अंगठ्यानं संगमरवरावर काहीतरी गिरवत होता.

"दाजी, तुम्ही बोला की काहीतरी," मी म्हणाले.

त्याला वेळ लागला. एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं, त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "आईच्या जिवाला बरं वाटंल तसं करू."

आक्का आत गेली. थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली, प्रत्येकाला तिनं स्वतःच्या हातानं कप दिला, जालूदादालाही. सगळ्यांनी घेतला.

काडीमोड समजुतीनं झाला. भांडण नाही, शिवीगाळ नाही, कोर्टात दोन्ही घरची माणसं एकाच जीपमधून गेली. लोक म्हणाले, शिकलेल्या माणसांमुळं किती सोपं झालं. पुढच्या उन्हाळ्यात जालूदादाचं लग्न म्हसवडकडच्या एका मुलीशी झालं; सात पिढ्यांत नातं नाही याची आत्यानं स्वतः फिरून खात्री केली. आमचा शोधनिबंध परदेशात छापून आला. त्यात आमच्या घराण्याची वंशावळ आहे, पुरुषांना चौकोन आणि बायकांना गोल काढून. आक्का म्हणजे अर्धा काळा केलेला गोल. तिच्याखाली दोन, पूर्ण काळे. नाव कुणाचंच नाही. त्या निबंधावर मला पदवी मिळाली.

आक्का आबांची पोल्ट्री बघायला लागली. आटपाडीचा एक बिजवर मध्यंतरी तिला बघून गेला होता, माणूस बरा होता, प्राथमिक शाळेत मास्तर. दोन लेकरं गेल्याचं कळल्यावर त्याच्याकडून निरोप येईना. मी स्वतः गेले, त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, प्रश्नही चांगले विचारले. शेवटी म्हणाला, "तुमचं सगळं मला पटलं बाई. पण आमच्या म्हातारीला कोण समजावणार?" घरी येऊन आबांना सांगितलं तर भावकीला तोंड द्यायचं टळलं म्हणून आबांना हायसंच वाटलं. नंतर आम्ही तो विषय काढला नाही.

काही वर्षांनी तासगावला एका चुलतभावाचं लग्न होतं. आम्ही दोघी गेलो. जेवणाच्या मांडवात जालूदादाची दुसरी बायको होती. आम्ही तिला ओळखत होतो, तिला आम्ही कोण ते माहीत नसावं. तिच्या कडेवर धाकटा होता, थोरला मांडवात हुंदडत होता. थोरल्यानं कुठंतरी ताट सांडलं, आणि ती घाईघाईत शेजारी उभ्या असलेल्या आक्काच्या हातात धाकट्याला देऊन म्हणाली, "ताई, जरा धरा हं, आलेच." आक्कानं धरला. पोरगं तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिलं. लांबून जालूदादानं ते बघितलं. तो यायला निघाला, मग थांबला, मग पाणी प्यायला निघून गेला. आई परत आली तेव्हा आक्कानं पोरगं देऊन टाकलं आणि वाढायला गेली.

दुपारी आम्ही परत निघालो. गाडीत मागं आम्ही दोघीच. द्राक्षबागा संपून माळ लागला तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"आक्का, त्या पिंजऱ्यापाशीच तुला कळलं होतं ना? पुढं काय होणार ते?"

"व्हय."

"मग मला सगळं सांग का म्हणालीस? मी दोष नाही एवढं सांगून थांबले असते. तो तुला सोडणार नाही म्हणत होता."

आक्का बाहेर बघत होती. "म्हणत होता. त्याला वाटत होतं, खोट त्याच्यातच हाय. मग दुसरी तरी कशाला करंल? मला कळायचं न्हाई, ह्यो भ्याला म्हणून ऱ्हायलाय का माझ्यासाठी ऱ्हायलाय. म्हणून तुला म्हणलं, त्याला सगळं सांग. भ्या गेल्यावर बघू."

"मला वाटलं हुतं," ती म्हणाली, "एकदा तरी न्हाई म्हणंल. मग पुढं आत्यानं करायला लावलंच असतं, त्ये ठाऊक हुतं मला. पण एकदा म्हणंल."

गाडी घाट चढत होती. ड्रायव्हरनं काच खाली केली, गरम वारा आत आला. चढण संपल्यावर आक्का पुन्हा बोलली, माझ्याशी नव्हे, तशीच.

"पोरगं केवढं जड हुतं गं. हात भरून आला माझा."

आणि ती दुसऱ्या हातानं दंड चोळायला लागली. गाव येईपर्यंत चोळत होती.